कवटीखालचा एक मिलिमीटर

मेंदूच्या पृष्ठभागापासून आठशे मायक्रॉन खाली, म्हणजे पुरता एक मिलिमीटरही नाही, एवढ्या खोलीवरच्या जिवंत पेशी स्वच्छ दिसाव्यात, या एका कामात माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं गेली आहेत. मी मूळची भालकी तालुक्यातली. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि बिदरला गेलं की दखनी उर्दू, अशा मुलखात वाढले. आता बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत मायक्रोस्कोप सांभाळते. संशोधक त्यांचा प्रश्न घेऊन येतात, सोबत उंदीर किंवा मेंदूचा काप आणतात. लेझर सुरू करणं, आरसे जुळवणं आणि त्यांना जे बघायचंय ते पडद्यावर दिसेल इथपर्यंत आणून देणं हे माझं काम.

गावी गेल्यावर वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "आपल्या शेतात पाचशे फुटांवर पाणी लागलं, ते दोन दिवसांत. आन् तुम्ही सगळी शिकलेली माणसं एका मिलिमीटरला अडून बसलाव?" त्यांनी मनापासून विचारलं होतं, म्हणून मीही मनापासून उत्तर द्यायचं ठरवलं. बोअरची गाडी दगड फोडत जाते. खाली जाताना वाटेत जे येईल त्याचा चुरा होतो, आणि त्याला हरकत नसते. आम्हाला वाटेतलं काहीही न मोडता खाली जायचं असतं, कारण वर जे आहे तेही जिवंत आहे आणि चालू आहे. म्हणून आमच्या हातात फक्त उजेड उरतो. आणि मेंदूत शिरल्याबरोबर उजेड वाट चुकतो.

वाट चुकणं म्हणजे काय, हे मला कलबुर्गीत कळलं. गुलबर्गा विद्यापीठात मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. तेव्हा बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली नव्हती. ती २०१७ साली झाली. आम्ही हुमनाबादवरून बसनं जायचो, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. प्रयोगशाळेत लाल हीलियम-निऑन लेझर होता. काचेच्या चौकोनी भांड्यात पाणी घ्यायचं, त्यातून तो लेझर सोडायचा आणि ड्रॉपरनं दुधाचा एकेक थेंब टाकत जायचं. नुसत्या पाण्यात लेझर दिसतच नाही, पलीकडच्या कागदावर तेवढा ठिपका पडतो. दोन-तीन थेंबांनी पाण्यात लाल रेघ उमटते. आणखी टाकले की रेघेच्या कडा विरघळू लागतात. पुढे रेघ भांड्याच्या मध्यापर्यंतच पोचते आणि सगळं पाणी लाल होऊन जातं. पलीकडच्या कागदावरचा ठिपका केव्हाच गेलेला असतो.

सरांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली ती पुढे आयुष्यभर उपयोगी पडली. दुधानं उजेड खाल्लेला नाही, तो सगळा भांड्यातच आहे. गेली ती त्याची दिशा. दुधातले स्निग्धाचे बारीक गोळे आणि भोवतीचं पाणी यांच्यात प्रकाशाचा वेग वेगळा असतो. अशा प्रत्येक सीमेवर किरण थोडा वळतो, आणि असंख्य वेळा थोडं थोडं वळला की तो कुठून निघाला होता हे सांगता येत नाही. सी. व्ही. रामन १९२१ साली बोटीनं येताना भूमध्य समुद्राच्या निळाईकडे बघत याच विखुरण्याचा विचार करत होते, हेही आम्ही त्याच तासाला शिकलो.

मेंदू या बाबतीत दुधासारखाच वागतो. पेशींची आवरणं स्निग्ध, आत-बाहेर खारं पाणी. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, तेही स्निग्धाच्या थरांवर थर रचलेलं. म्हणून ताजा मेंदू पांढुरका दिसतो आणि आरपार काही दिसत नाही. कलबुर्गीतच मेडिकलला शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं मला शरीररचनेच्या विभागात नेलं होतं. फॉर्मलिनमध्ये ठेवलेले मेंदूचे जाड काप मी पहिल्यांदा तिथे पाहिले. पांढरा भाग, करडा भाग, बस. पेशी बघायच्या तर काही मायक्रॉन जाडीची चकती कापून, रंगवून, काचपट्टीवर घ्यावी लागते. १८७३ साली इटलीत कॅमिलो गोल्जींनी चांदीच्या क्षारांनी मोजक्याच पेशी काळ्या रंगवायची युक्ती काढली, आणि स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालांनी त्याच युक्तीनं हजारो काप बघून चेतापेशींची चित्रं काढली. दोघांना मिळून १९०६ चं नोबेल मिळालं. चेतापेशी कशी दिसते हे जगाला त्या कापांवरून कळलं. पण कापातली पेशी मेलेली असते. ती काय करत होती ते काहाल तर्कानंच सांगत होते, आणि त्यांचे पुष्कळ तर्क बरोबर निघाले याचं मला अजूनही फार अप्रूप आहे.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण मी या कामाकडे वळले ते नुसत्या प्रकाशाच्या ओढीनं नव्हे. माझ्या धाकट्या काकांना फेफरं यायचं. मी प्राथमिक शाळेत असताना पहिल्यांदा पाहिलं. सोयाबीनच्या राशीजवळ उभे होते ते एकदम आडवे झाले. डावा हात आधी झटके देऊ लागला, मग सगळं अंग. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवायला आणली. आजीनं देवाला बोलणं केलं. काकांचं ठरलेलं लग्न पुढे गेलं आणि मग ठरेनासं झालं. बऱ्याच उशिरा घरच्यांनी त्यांना सोलापूरला नेलं. सीटी स्कॅन झालं. उजव्या बाजूला, पृष्ठभागाजवळ, एक पांढरा ठिपका. डॉक्टरांनी सांगितलं की पट्टकृमीची अळी कधीतरी पोटातून रक्तावाटे मेंदूत गेली असावी, ती तिथे मेली आणि चुना धरून ठिपका राहिला. न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून पट्टकृमीचं अंडं कुणाच्याही पोटात जाऊ शकतं. आपल्या देशात फेफऱ्याचं हे एक मोठं कारण आहे. गोळी सुरू झाली आणि झटके जवळजवळ थांबले.

ती फिल्म आमच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली असायची. मी ती काढून खिडकीशी धरून बघायची. ठिपका मुगाच्या दाण्याहून लहान. पण मला वाटायचं, ठिपका तर मेलेला आहे, मग झटका कोण देतं? झटका त्याच्या भोवतीच्या जिवंत पेशी देतात, आणि त्या फिल्मवर दिसत नाहीत. चेतापेशीचं शरीर साधारण दहा ते वीस मायक्रॉनचं. सीटी किंवा नेहमीच्या एमआरआयमधला एकेक चौकोन अर्धा ते एक मिलिमीटरचा. उंदराच्या मेंदूच्या वरच्या थरात एका घन मिलिमीटरमध्ये लाखाच्या घरात चेतापेशी असतात. त्या सगळ्या मिळून स्कॅनवर एकच करडा चौकोन होतात. मला त्या एका चौकोनाच्या आत जायचं होतं.

नोकरी लागल्यावर जे यंत्र माझ्या ताब्यात आलं त्याचं नाव टू-फोटॉन मायक्रोस्कोप. त्याची कल्पना मला अजूनही फार सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगते.

चमकणारं प्रथिन पेशीत असेल तर त्यावर निळा उजेड टाकला की ते हिरवं चमकतं. जेलीफिशमधून मिळालेल्या अशा हिरव्या प्रथिनासाठी शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पण निळा उजेड मेंदूत फार लवकर विखुरतो, आणि वाटेतल्या सगळ्याच पेशींना चमकवत जातो. हिरवा उजेड परत येतो तोही विखुरलेला. कुठला कण कुठून आला कळत नाही, सगळं धुकट.

१९३० साली गटिंगेनमध्ये मारिया गोपर्ट-मायर या तरुण विद्यार्थिनीनं आपल्या प्रबंधात गणितानं दाखवलं की एकाच रेणूनं एकाच क्षणी प्रकाशाचे दोन कण एकदम गिळले, तर त्या दोघांची ऊर्जा मिळून एका जास्त ऊर्जेच्या कणाचं काम होऊ शकतं. म्हणजे निळ्या कणाऐवजी अवरक्त उजेडाचे दोन कण चालतील. पण दोन कण एकदम येऊन पडणं इतकं दुर्मीळ की लेझर येईपर्यंत ते कुणाला प्रत्यक्ष दाखवता आलं नाही. १९६१ साली दाखवलं गेलं. आणि १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रिड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी त्याचा मायक्रोस्कोप केला.

यात हुशारी कुठे आहे बघा. दोन कण एकदम गाठायचे तर उजेडाची अतोनात गर्दी लागते. लेझरची शलाका भिंगानं जिथे एका टोकावर आणली जाते तिथेच ती गर्दी असते. वर नाही, खाली नाही. म्हणून चमक फक्त त्या एका सूक्ष्म जागी निर्माण होते. मग परत येणारा हिरवा कण वाटेत कितीही भरकटू दे, भिंगात कुठूनही शिरू दे. तो आला तेव्हा लेझरचं टोक कुठे होतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे तो तिथलाच. कण मोजायचा, त्या जागेच्या नावावर मांडायचा आणि टोक पुढे सरकवायचं. असं ओळीनं सगळा पट फिरून झाला की चित्र तयार. दुधाच्या भांड्यापाशी उजेडाची दिशा हरवताना मी बघितली होती. इथे दिशा हरवूनही पत्ता हरवत नाही.

गर्दी करायची आणि मेंदू तर भाजायचा नाही, यासाठी उजेड सलग न सोडता ठोक्याठोक्यानं सोडतात. आमचा लेझर सेकंदाला आठ कोटी ठोके देतो आणि एकेक ठोका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या एक कोटीव्या भागाएवढा, म्हणजे शंभर फेम्टोसेकंदांचा. त्या क्षणात प्रचंड तीव्रता, आणि मग पुढच्या ठोक्यापर्यंत त्या मानानं मोठा विसावा.

पहिल्यांदा जिवंत मेंदू पाहिला ती रात्रीची वेळ होती, कारण संस्थेत माणसांची ये-जा कमी झाली की इमारत कमी हलते. काळे पडदे ओढलेले, उपकरणांवरचे लुकलुकते दिवेसुद्धा काळ्या टेपनं झाकलेले. बाहेरचा एक किरण आत आला तरी मोजणीत मिसळतो. भुलीखाली असलेल्या उंदराच्या कवटीत आधीच एक छोटी गोल खिडकी करून त्यावर पातळ काच बसवलेली होती. वर पाण्याचा थेंब, त्यात बुडालेलं ऑब्जेक्टिव्ह. पडद्यावर आधी रक्तवाहिन्या आल्या, काळ्या, कारण त्यांत चमकणारं काही नव्हतं. मी टोक खाली नेत गेले. शंभर मायक्रॉन, दोनशे. पेशी दिसू लागल्या, गोल, मध्ये केंद्रक काळं. त्यांच्यात जे प्रथिन होतं ते पेशी कामाला लागून आत कॅल्शियम शिरलं की जास्त चमकतं. संशोधक मुलीनं उंदराच्या मिशीला हवेचा हलका फवारा दिला. पडद्यावरच्या काही पेशी उजळल्या, काही नाही. परत फवारा, परत बहुतेक त्याच. उंदराच्या श्वासाबरोबर सगळं चित्र किंचित वर-खाली होत होतं. मी सोलापूरच्या त्या फिल्ममधल्या करड्या चौकोनाच्या आत आले होते, आणि तिथे एकेक पेशी वेगळी वागत होती.

पाचशे मायक्रॉनपर्यंत गोष्टी बऱ्या चालतात. मग अवघड होतं. नऊशे नॅनोमीटरच्या आसपासचा उजेडसुद्धा मेंदूत दीड-दोनशे मायक्रॉनला एकदा तरी वळतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला टोकापर्यंत नीट पोचणारा हिस्सा घटत जातो, आणि दोन कणांच्या गाठीत ती घट दुपटीनं लागते. उपाय म्हणून लेझर वाढवावा, तर दोन अडचणी. सरासरी अडीचशे मिलिवॅटच्या पुढे मेंदू तापून इजा होऊ लागते. आणि वरच्या थरात इतका उजेड ओतला जातो की तिथेही थोड्या गाठी पडायला लागतात, पार्श्वभूमी उजळते, खालची पेशी त्यात बुडते. एका मर्यादेनंतर लेझर वाढवून चित्र आणखी वाईट होतं. नव्या विद्यार्थ्यांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांचा हात आपोआप पॉवरच्या स्लायडरकडे जातो.

कापाचा मार्ग पुढे गेलाच. २०१३ साली क्लॅरिटी नावाची रीत आली, तिच्यात मेंदूतला सगळा स्निग्ध भाग धुऊन काढतात आणि अखंड मेंदू काचेसारखा पारदर्शक होतो. मी ते मेंदू हातात घेतले आहेत, त्यांच्याखाली ठेवलेलं छापील अक्षर वाचता येतं. वायरिंग बघायला याहून चांगलं साधन नाही. पण स्निग्ध गेलं म्हणजे पेशींची आवरणं गेली. झटका कसा उठतो ते त्यात दिसणार नाही.

जिवंत मेंदूसाठी जो रस्ता निघाला तो तीन कणांचा. टू-फोटॉनसारखंच, पण तीन कण एकदम. लांब तरंगलांबीचा उजेड कमी विखुरतो, म्हणून आणखी लांब जायचं: १३०० नॅनोमीटर, नाहीतर १७००. मधल्या १४५० च्या आसपास पाणीच उजेड शोषून घेतं, म्हणून ती जागा टाळायची. आणि तीन कणांची गाठ इतकी दुर्मीळ की टोकाबाहेर ती जवळजवळ होतच नाही, त्यामुळे पार्श्वभूमी काळीभोर राहते. कॉर्नेलच्याच क्रिस शू यांच्या गटानं २०१३ साली उंदराचा पांढरा थर अखंड ठेवून त्याच्या खालचा हिप्पोकॅम्पस असा दाखवला, आणि २०१७ साली तिथल्या पेशींचं काम चालू असताना टिपलं. आठवणी घडण्याशी ज्या भागाचा संबंध आहे तो हा भाग. पांढरा थर म्हणजे मायलिनच मायलिन, उजेडाला सगळ्यात कठीण पट्टा. त्याच्या आधी तिथे पोचायचं तर वरचा मेंदू शोषून काढावा लागे.

तीन कणांची कहाणी मराठी वाचकाला सांगताना मुंबईचा उल्लेख राहता कामा नये. सुदीप्त मैती १९९७ साली वॉट वेब यांच्या प्रयोगशाळेत होते. तीन कणांच्या गाठीनं त्यांनी जिवंत पेशींतलं सेरोटोनिन हे रसायन थेट बघितलं आणि मोजलं. सेरोटोनिनला बाहेरचा रंग लावायची गरज नाही, ते स्वतःच चमकतं, पण अतिनील उजेडात, जो पेशीला मारक. लांब तरंगलांबीच्या तीन कणांनी ते काम इजा न करता झालं. पुढे ते कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तिथे त्यांच्या गटानं असा मायक्रोस्कोप स्वतः बांधला, आणि २००८ साली उंदराच्या मेंदूच्या जिवंत कापात चेतापेशींच्या मुख्य शरीरातूनही सेरोटोनिन बाहेर पडतं आणि ते थोडंथोडकं नसतं, असं दाखवलं. हे निबंध मी प्रशिक्षणाच्या काळात पुन्हापुन्हा वाचले. विकत आणलेल्या बंद पेटीपेक्षा स्वतः जोडलेलं यंत्र माणसाला जास्त शिकवतं, हे माझं पक्कं मत तेव्हापासूनचं आहे.

आमच्याकडे तीन कणांचा लेझर आला तो मोठ्या लाकडी खोक्यात. ठोके सेकंदाला आठ कोटींऐवजी दहा लाखांच्या घरात, पण एकेक ठोका भारी. या तरंगलांबीला शलाका डोळ्यांना अजिबात दिसत नाही. हातात छोटं कार्ड धरून, त्यावर उमटणारा ठिपका बघत, एकेका आरशावरून तिला पुढे न्यायचं. डोळ्यांवर चष्मा, मनगटातलं घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवलेल्या, कारण धातूवरून परतलेला एक किरण डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान. आईनं भेटीत मनगटं मोकळी बघितली आणि तिला वाईट वाटलं. मी तिला कारण सांगितलं, तेव्हापासून ती स्वतःच मला परत निघताना विचारते, काढल्यास का.

तरीही खाली चित्र फिकट येई. टोक जिथे बारीक व्हायला हवं तिथे ते पसरट होत होतं. कवटीवरची काच जरा तिरकी, मेंदूचा पृष्ठभाग वाकडा, वरची एखादी जाड रक्तवाहिनी. यांतून जाताना किरण एकाच वेळी एका जागी पोचत नाहीत. यावरची तोड खगोलशास्त्रातून आलेली आहे. वातावरणामुळे तारा थरथरतो, तर आरसाच क्षणाक्षणाला उलट वाकवून ती थरथर पुसून काढावी, असं होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली सुचवलं होतं. मोठ्या दुर्बिणींत ते आज चालतं. आम्ही तसाच लवचीक आरसा लेझरच्या वाटेत बसवला. त्याच्या मागे बारीक खिळ्या असतात, त्या आरशाला मायक्रॉनच्या अंशानं ढकलतात. एकेक आकार देऊन बघायचा, पेशी उजळली तर ठेवायचा, नाहीतर उलटा. असं करत सातशे मायक्रॉनवरच्या एका पेशीच्या फांदीवर बारीक काटे दिसू लागले. त्या काट्यांवरच दुसऱ्या पेशींचे निरोप येतात. काही वेळ मी आणि सोबतचा विद्यार्थी दोघंही काही बोललो नाही. मग त्यानं डेटा दोन ठिकाणी साठवला आणि आम्ही पुढच्या पेशीकडे गेलो.

आजी वारकरी. गळ्यात माळ. तिला उंदराचं सांगायला मी कचरत होते, पण तिनंच विचारलं. "जीव घेतावं का?" मी खोटं बोलले नाही. शेवटी घ्यावा लागतो, म्हटलं. आधी समिती बसते. किती प्राणी, का, दुसऱ्या मार्गानं होणार नाही का, त्याला वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं आणि समिती नाहीही म्हणते. आजी म्हणाली, "मग एकाकडून जितकं कळंल तितकं नीट कळून घ्या." हे ऐकल्यापासून मी खराब जुळवणीवर कुणाला प्रयोग सुरू करू देत नाही. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

मागच्या विज्ञान दिनाला माझ्या जुन्या शाळेत बोलावलं होतं. खोलीच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि मुलांना मोबाईलची टॉर्च तळहाताखाली धरायला सांगितलं. हात लाल दिसतो. का लाल? एका मुलीनं लगेच सांगितलं, रक्त लाल म्हणून. बरोबर आहे, पण अर्धं. रक्त हिरवा-निळा उजेड शोषून घेतं, आणि शिवाय लांब तरंगलांबीचा उजेड मांसात कमी विखुरतो, म्हणून लालच पलीकडे पोचतो. मग त्यांना विचारलं, हाड दिसतंय का? नाही. उजेड आलाय पण हाडाची आकृती नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उजेड पोचणं आणि आकृती पोचणं, एवढं एक त्या मुलांच्या लक्षात राहावं असं मला वाटत होतं. दुधाच्या प्रयोगासाठी भांडं आणि लेझर पॉइंटर मी बरोबर नेला होता. शिपाईमामांनी चहाचं दूध दिलं.

वर्तमानपत्रं अधूनमधून मेंदू वाचणाऱ्या यंत्राच्या बातम्या देतात, आणि गावातून फोन येतात. कुणाच्या आईला विसरायला होतंय, कुणाचा मुलगा बोलत नाही. तुमच्या मशीनमध्ये दिसंल का? हे फोन मला फार जड जातात. माणसाच्या कवटीत खिडकी करून आम्ही बघत नाही. माणसाच्या मेंदूचा वरचा थरच दोन ते चार मिलिमीटर जाड, आणि आमची धाव एक-दीड मिलिमीटरची, तीही उंदरात. मी स्पष्ट नाही म्हणते, आणि मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवा म्हणून सांगते. लातूर, सोलापूर, हैदराबाद, जिथे जवळ पडेल तिथे. आशेनं केलेल्या फोनला असं उत्तर देणं वाईट वाटतं, पण खोटी आशा घेऊन माणसं गोळ्या बंद करतात हे मी पाहिलं आहे.

शाळेच्या कार्यक्रमाला काका आले होते. मागच्या बाकावर बसले. आता केस पिकलेत. रोज रात्री जेवणानंतर गोळी, वर्षानुवर्षं. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी विचारलं, "माणसाच्या मेंदूत कधीच बघितलं नाही का, पोरी?"

बघतात, मी म्हणाले. काही जणांचं फेफरं कुठल्याच गोळीनं थांबत नाही. तेव्हा शस्त्रक्रिया करून जिथून झटका उठतो तो तुकडा काढतात. पूर्वी तो तपासणीनंतर तसाच संपायचा. आता काही ठिकाणी त्यातला भाग लगेच थंड, प्राणवायू सोडलेल्या खारट पाण्यात ठेवतात, पातळ काप करतात आणि ते काही तास जिवंत राहतात, कधी जास्तही. त्यांत टू-फोटॉनखाली माणसाच्या पेशी काम करताना बघता येतात. उंदराच्या पेशींपेक्षा त्या मोठ्या, फांद्या लांब, आणि काही गोष्टींत वागणंही वेगळं.

काका म्हणाले, "फेफऱ्याच्याच माणसाचा तुकडा."

"हो."

"त्याला इचारून घेतात ना?"

घेतात, मी सांगितलं. शस्त्रक्रियेआधी वेगळा कागद असतो, त्याच्या भाषेत समजावतात, तो नाही म्हणाला तर उपचारात काही फरक पडत नाही. काकांनी तो कागद कोणकोणत्या भाषेत असतो ते विचारलं. बिदर-कलबुर्गीचा माणूस गेला तर कानडीत मिळेल, पण आपल्यासारखा मराठी वाचणारा गेला तर काय करतात? मला नेमकं उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी आमच्या समितीच्या सचिवांना तोच प्रश्न लिहून पाठवला, आणि मराठी मसुदा तपासायला हवा असेल तर मी करून देईन असंही लिहिलं.